इंग्रजी शिकता शिकता त्यांना मराठी सापडली

संध्याकाळी कॉलेज रोडवरून एक चक्कर मारा. मोमोजच्या गाडीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत प्रत्येक खांबावर एक तरी बोर्ड दिसेल: तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी! तुमच्यापैकी कित्येकांनी असा क्लास लावलाही असेल. वहीत टेन्स असतात, वाक्याचे प्रकार असतात, अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह असतं. लेखी परीक्षेत मार्क पडतात. पण ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडायची वेळ आली की मनातलं मराठी वाक्य पूर्ण तयार असतं आणि इंग्रजी वाक्य पहिल्या शब्दालाच अडकतं. मग आपण ठरवून टाकतो की आपल्याला काही इंग्रजी जमणार नाही.

अशा प्रत्येकाला आज एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. तो क्लासवाला नाही. त्याला जाऊन 140 वर्षांहून जास्त काळ लोटला. इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक हातात पडल्यावर तोही आधी पाठांतरालाच लागला असणार. पण पुढे त्याने जे केलं, त्यामुळे तुम्ही-आम्ही शाळेत जे मराठी व्याकरण शिकलो त्याचा पाया घातला गेला. त्याचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

तर्खडकर म्हटल्यावर घरातले आजोबा लगेच मान डोलावतील, कारण त्यांची पिढी 'तर्खडकरां'वर इंग्रजी शिकली. पण जरा थांबा. ती प्रसिद्ध भाषांतर पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. आपले दादोबा वेगळे आणि आधीचे. आडनाव एकच असल्यामुळे हा घोळ नेहमी होतो. मुलाखतीत होऊ देऊ नका!

मोडीतून मरेकडे

दादोबांचा जन्म मुंबईतला, 9 मे 1814 चा. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खड गावचं, म्हणून आडनाव तर्खडकर. जन्म झाला तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. ती बुडाली तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा होता. म्हणजे ज्या पिढीला एका राज्याचे रीतिरिवाज घरात आणि दुसऱ्या राज्याची भाषा शाळेत, असं दोन्हीकडे पाय ठेवून वाढावं लागलं, त्या पिढीतला हा मुलगा.

सुरुवात पंतोजीच्या शाळेत झाली. तेव्हाचं रोजचं लिखाण मोडीत चालायचं. मोडी म्हणजे शक्यतो हात न उचलता लिहीत जायची लिपी. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. मराठी सगळे बोलत होते, लिहीत होते, हिशेब ठेवत होते, पोथ्या वाचत होते. पण मराठीचं व्याकरण शिकायला बसायचं, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. व्याकरण म्हणजे संस्कृतचं. मराठी काय, घरचीच भाषा! तिला कशाला नियम?

पुढे दादोबा बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या काळात इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडले मरे हे समीकरण होतं. मरे जन्माने अमेरिकन, नंतर इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला. त्याचं इंग्रजी व्याकरण 1795 मध्ये निघालं आणि इंग्रजी जिथे जिथे शिकवली जात होती तिथे तिथे पोहोचलं. नाव, सर्वनाम, क्रियापद असे शब्दांचे खाने त्यात होते आणि वाक्यांचेही प्रकार होते. एक वाटणी साध्या आणि जोडलेल्या वाक्यांची. दुसरी वाटणी सांगणाऱ्या, विचारणाऱ्या आणि आज्ञा करणाऱ्या वाक्यांची.

वाचताना ओळखीचं वाटलं ना? विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी. केवल, संयुक्त, मिश्र. दहावीच्या पेपरातला तो दोन मार्कांचा प्रश्न याच घराण्यातला आहे.

प्रश्न एकच, पण कुणी विचारला नव्हता

वर्गातली बाकीची मुलं मरे पाठ करत होती. दादोबांनी तेच पुस्तक आरशासारखं आपल्या भाषेसमोर धरलं. इंग्रजी वाक्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव देता येतं, तर मराठी वाक्याचे का नाही? आपण बोलतो त्यालाही नियम असणारच. नाहीतर समोरच्याला कळलं कसं असतं?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हे पुस्तक. साल 1836. लेखकाचं वय 22. म्हणजे तुमच्यातला एखादा एम.ए. पार्ट वनला असतो, त्या वयाचा!

मराठीचं व्याकरण लिहिण्याचा हा अगदी पहिला प्रयत्न नव्हता, हेही सांगायला हवं. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने 1805 मध्ये बंगालमध्ये बसून मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि मराठी शिकू पाहणाऱ्या परक्यांसाठी होतं. 1836 च्याच आसपास बाळशास्त्री जांभेकर, गंगाधरशास्त्री फडके यांचीही व्याकरणं आली. हा सगळा काळच भारलेला होता. जांभेकरांचं 'दर्पण' 1832 मध्ये निघालं ते एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असं. या मंडळींसमोर रोज दोन भाषा शेजारी शेजारी उभ्या होत्या. पण त्या सगळ्या व्याकरणांत टिकलं, शाळाशाळांतून शिकवलं गेलं आणि पुढच्या प्रत्येक व्याकरणकाराला ज्याच्याशी सहमत व्हावं लागलं किंवा भांडावं लागलं, ते दादोबांचं. मराठीचे पाणिनी हे बिरुद त्यांना मिळालं ते यामुळेच.

कॉपी-पेस्ट का चाललं नाही?

आता तुम्ही म्हणाल, मरेचं पुस्तक समोर ठेवून मराठी उदाहरणं भरली, एवढंच ना? इथेच खरी गंमत आहे, आणि तुमच्या इंग्रजीच्या टेन्शनचं उत्तरही इथेच आहे. जरा वाक्यं हातात घेऊन बघू.

'रामाने रावणाला मारलं.' आता शब्द फिरवा: 'रावणाला रामाने मारलं.' अर्थ तोच. मराठीत कोणी मारलं आणि कोणाला, हे 'ने' आणि 'ला' सांगतात. इंग्रजीत हेच करून बघा. 'राम किल्ड रावण' मधली नावं उलटी केली की युद्धाचा निकालच बदलतो! इंग्रजीत जागा बोलते, मराठीत प्रत्यय बोलतो. मरेच्या व्याकरणात नामाच्या विभक्ती अवघ्या तीन. मराठीला त्या पुरणार कशा? दादोबांनी तिथे मरेला बाजूला ठेवलं आणि संस्कृतच्या विभक्तींचा आधार घेतला.

दुसरं उदाहरण. 'सीतेने आंबा खाल्ला.' 'सीतेने पोळी खाल्ली.' खाणारी सीताच, पण क्रियापद कोणाप्रमाणे बदललं? आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे. इंग्रजीत मात्र आंबा असो की पोळी, 'सीता एट' एवढंच. मराठीतली ही वाक्यं इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइस नव्हेत, ती रोजची साधी वाक्यं आहेत. इंग्रजीच्या साच्यात ती बसतच नाहीत. म्हणून मराठी व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग मांडावे लागले. तुम्ही शाळेत ज्यांना वैतागलात तेच हे प्रयोग. साचा बाहेरचा मिळाला, पण भाषा त्यात बसेना तेव्हा भाषेला न कापता साचा बदलायचा, हे त्या विषयाचं मर्म.

आता हाच आरसा उलटा धरून आपल्या इंग्रजीकडे बघा.

प्रश्न विचारताना मराठीत वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. 'तू येतोस' म्हणा आणि शेवटी 'का' लावा किंवा नुसता आवाज चढवा. इंग्रजीत क्रियापदातला एक तुकडा उचलून पुढे आणावा लागतो. म्हणून आपल्या तोंडून 'व्हेअर यू आर गोइंग?' निघतं आणि 'व्हेअर आर यू गोइंग?' राहून जातं. ही मठ्ठपणाची खूण नाही. तुमच्या डोक्यातली मराठी आपलं काम चोख करते आहे, इतकंच.

आज्ञार्थी वाक्य घ्या. मराठीत 'बस', 'बसा', 'बसावं' अशा पायऱ्या आहेत. आदर क्रियापदाच्या आत भरलेला असतो. इंग्रजीत क्रियापद एकच, 'सिट'. ते मित्रालाही तेच आणि प्राचार्यांनाही तेच. म्हणून इंग्रजी माणूस आदर दाखवायला वाक्याचा प्रकारच बदलतो. आज्ञा करायची असते, पण तो प्रश्न विचारतो: 'कुड यू प्लीज गिव्ह मी अ फॉर्म?' आपण ऑफिसच्या खिडकीवर 'गिव्ह मी फॉर्म' म्हणतो आणि समोरची व्यक्ती का रागावली, ते आपल्याला कळत नाही. मनात आपण 'द्या' म्हटलेलं असतं, तिला ऐकू येतं 'दे'.

उद्गारार्थीचीही तीच कथा. झणझणीत मिसळीचा पहिला घास घेतल्यावर आपण 'काय मस्त मिसळ आहे!' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'व्हॉट' येतो, पण त्याच्या मागून प्रश्नासारखी उलथापालथ करायची नाही. 'व्हॉट अ मिसळ धिस इज!' असं सरळ चालायचं.

आणि मिश्र वाक्य? आपली भाषा जोडीने चालते. जेव्हा-तेव्हा, जो-तो, जरी-तरी. एकट्याने तिला करमत नाही. इंग्रजीत मात्र दोघांपैकी एकच पुरतो. म्हणून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टू सोमेश्वर' हे वाक्य आपल्याला अगदी बरोबर वाटतं, कारण आपल्या 'जरी'ला 'तरी' हवा असतो. तो 'बट' काढून टाका, वाक्य इंग्रजी झालं.

जाता जाता आणखी एक. मराठी वाक्याच्या शेवटी आज जी चिन्हं आपण सहज टाकतो, ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या पुण्यात राहून मराठीचं काम करणाऱ्या इंग्रजाला दिलं जातं. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक 1850 चं. त्याच वर्षी दादोबांच्या व्याकरणाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही एकामागोमाग सहा प्रश्नचिन्हं टाकता ना, त्यांचं मराठीतलं वय सुमारे पावणेदोनशे वर्षांचंच आहे!

प्रश्नचिन्ह व्याकरणाबाहेर जातं तेव्हा

एकदा प्रश्न विचारायची सवय लागली की ती पुस्तकात थांबत नाही. तर्खडकरांच्या घरात तेच झालं.

दादोबांचे धाकटे भाऊ भास्कर पांडुरंग. त्यांनी 1841 मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावाने इंग्रजीत पत्रं लिहिली आणि इंग्रज राज्य या देशाची लूट कशी करतं, हे राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांना सुनावलं. तेव्हा ते पंचविशीत होते. दुसरे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकाराने. याच आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत राहून आलेली. 1878 मध्ये विलायतेला निघालेला एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून काही काळ त्यांच्या घरी राहिला. त्याला इंग्रजी शिकवलं अन्नपूर्णेने. त्या मुलाचं नाव रवींद्रनाथ टागोर. तेव्हा इंग्रजी बोलताना अडखळत असाल तर संगत काही वाईट नाही!

दादोबा स्वतः शिक्षक झाले. काही काळ जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक, मग एल्फिन्स्टनमध्ये, 1840 पासून सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत. सुरतेत दुर्गाराम मेहता आणि इतर मित्रांबरोबर 1844 मध्ये त्यांनी मानवधर्म सभा काढली. जादूटोणा खरा कशावरून? माणसामाणसांत उच्चनीच कोणी ठरवलं? विधवेने पुन्हा लग्न का करायचं नाही? असे प्रश्न तिथे होते. 1846 मध्ये ते मुंबईला परतले ते शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख म्हणून. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली, तिच्यामागेही दादोबांचे विचार होते. जात मोडायची, एकच ईश्वर मानायचा. सभासद एकत्र बसून दुसऱ्या जातीधर्माच्या माणसाच्या हातचं खायचे. आज हॉस्टेलच्या मेसमध्ये याचं काहीच वाटणार नाही. तेव्हा एवढ्यावरून घराला वाळीत टाकत.

म्हणून सगळं गुप्त. दारं लावून बैठका. समाजाने जाहीरपणे विचारावा असा प्रश्न या मंडळींनी बंद खोलीत विचारला. 1860 मध्ये सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर येणार म्हणून गडबड उडाली आणि सभा मोडली. मनातल्या मनात सगळे सुधारक, पण नाव फुटलं की पळापळ. हा दोष त्यांचाच होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तुमच्या घरच्या फॅमिली ग्रुपवर न पटलेल्या मेसेजला तुम्ही शेवटचं उत्तर कधी दिलं होतं, ते आठवून मग ठरवा.

आपल्या बाजूची गोष्ट

दादोबांच्या आयुष्याचा एक धागा आपल्या भागातून जातो, आणि तो सुखाचा नाही. 1852 मध्ये ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. त्या काळी नाशिक हा वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला 1869 मध्ये. 1857 च्या धामधुमीत नगर-नाशिकच्या डोंगराळ पट्ट्यातले भिल्ल उठले. त्यांच्यात भागोजी नाईक पुढे होते. नाशिकहून पुण्याला जाताना सिन्नरच्या पुढे नांदूर शिंगोटे लागतं ना, तिथल्या चकमकीत ऑक्टोबर 1857 मध्ये लेफ्टनंट हेन्री हा इंग्रज अधिकारी मारला गेला. 1859 मध्ये सिन्नर तालुक्यातच भागोजी लढताना पडले.

आणि भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त करण्याच्या कामगिरीबद्दल दादोबांना सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. हेच ते गृहस्थ, ज्यांनी माणसामाणसांतला भेद खोटा म्हटलं होतं. भावाने इंग्रजांना इंग्रजीत सवाल केला आणि थोरल्याने त्याच सरकारची चाकरी केली. थोर माणसांच्या चरित्रात हा परिच्छेद बहुधा एका ओळीत उरकतात. आपण तो उरकू नये. पुण्याच्या एसटीतून नांदूर शिंगोटे मागे पडेल तेव्हा दोन्ही नावं आठवा, भागोजींचं आणि दादोबांचं. माणूस एका सरळ केवल वाक्यात मावत नाही.

शेवटपर्यंत विद्यार्थी

नोकरी झाली, पदवी मिळाली, तरी दादोबांची लेखणी थांबली नाही. 1865 मध्ये शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी लघुव्याकरण लिहिलं. मोरोपंतांच्या 'केकावली'वर टीका लिहिली आणि तिला आईवडिलांची नावं जोडून 'यशोदापांडुरंगी' असं नाव दिलं. तरुणपणी लिहिलेलं 'धर्मविवेचन' पन्नाशी उलटल्यावर, 1868 मध्ये छापून बाहेर आलं. बंद खोलीतला विचार उशिरा का होईना, उजेडात आला. 1878 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, स्वेडनबोर्ग या स्वीडिश विचारवंतावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, तेही इंग्रजीत. मरे वाचणाऱ्या मुलाचा प्रवास असा इथवर आला. 17 ऑक्टोबर 1882 रोजी ते वारले. त्यांचं आत्मचरित्र मात्र अ. का. प्रियोळकरांनी संपादून प्रसिद्ध केलं ते थेट 1947 मध्ये.

त्यांचं व्याकरण शेवटचा शब्द ठरलं नाही, आणि तेच बरं झालं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यातल्या मतांची कसून तपासणी केली. मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहून पुन्हा सगळं उकरलं. मराठीला संस्कृतच्या विभक्ती लावणं कितपत बरोबर, यावर नंतरही वाद झाले. पण वाद घालायला आधी कुणीतरी मांडणी करावी लागते. ती दादोबांनी बावीसाव्या वर्षी केली.

म्हणून सांगतो, उद्या क्लासची वही उघडाल तेव्हा एक करून बघा. दिवसभरात स्वतः बोललेली दहा मराठी वाक्यं लिहून काढा. कट्ट्यावरची, घरातली, रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत, काहीही चालेल. प्रत्येकासमोर लिहा: हे सांगणारं, विचारणारं, आज्ञा करणारं की उद्गार काढणारं? क्रियापद कोणाप्रमाणे बदललं? मग शेजारी त्याचं इंग्रजी लिहा आणि नेमकं काय हललं ते पेन्सिलने दाखवा. दहा दिवसांत शंभर वाक्यं होतील. इंग्रजी कुठे अडतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, कारण ते अडतं तिथे मराठी उभी असते.

जागा हवी असेल तर आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच. ते 1840 चं, म्हणजे दादोबा सुरतेला शिकवायला गेले त्याच वर्षीचं. तिथे एक मराठी व्याकरण मागा आणि त्याच्या शेजारी एक इंग्रजी व्याकरण ठेवा. क्लासची फी भरायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.